झोपमोड

बाळ रडायला लागलं की त्या घरात चाक थांबायचं, आणि चाक थांबलं की दोराला गाठ यायची. त्या दिवशी सकाळपासून तीन गाठी आल्या होत्या. तिसऱ्या गाठीला बाबा साठ पावलांवरून ओरडले, "फिरव की गं! हात झडले का तुझे?"

थोरलीनं चाकाची मूठ सोडली होती आणि ती झोळीकडे पळाली होती. दोर वळणाऱ्याची पोर ती. दोराचा एकेक पदर वळत असताना चाक मधेच थांबलं तर पीळ उलटा सुटतो, घायपाताचा वाख फुगतो आणि तिथं सुजल्यासारखी गाठ बसते, पुढं ओझं आलं की दोर नेमका तिथंच तुटतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. चाक आठव्या वर्षापासून तिच्याकडे होतं आणि आता ती दहाची होती. तरी रडणं कानावर पडलं की तिच्या हातातली मूठ आपोआप सुटायची.

घराच्या मागं एक लांबलचक पट्टी होती, पाय पडून पडून दगडासारखी झालेली. तिच्या एका टोकाला छपरी, छपरीत चाक, चाकाला लोखंडी आकडे. आकड्याला वाखाचं टोक अडकवायचं, कमरेभोवती वाखाचा भारा गुंडाळायचा आणि बोटांतून थोडा थोडा सोडत मागं मागं चालायचं. बाबांची सारी हयात अशी मागं चालण्यात गेली होती. पुढं काय आहे ते त्यांना कधी दिसायचं नाही, मागं राहिलेलं मात्र सगळं डोळ्यांसमोर. आई छपरीच्या कडेला खिळ्यांच्या फळीवर वाख विंचरायची. तिच्या बोटांना वाखानं इतक्या चिरा पाडल्या होत्या की मिठाला हात लावताना ती आधी ओठ आवळून घ्यायची.

राहिला मधला. सहा वर्षांचा. एकदा चिकटला की सुटायचा नाही म्हणून त्याला सगळे मुंगळा म्हणत. बाळ रडलं की मुंगळा जिथं असेल तिथं दोन्ही कानांत बोटं घालून, डोळे मिटून उभा राहायचा. येणारेजाणारे हसायचे. "बहीण पळते आणि भाऊ खांब होतो," असं म्हणायचे.

थोरलीनं बाळाला झोळीतून काढून खांद्यावर घेतलं. चार महिन्यांचं बाळ, पण उचलताना हाताला वजन कसं ते लागत नव्हतं. तिनं आईकडे पाठ केली आणि फडकं सारून मांडी पाहिली. सकाळचा ठसा अजून होता. दोन बोटांचा, लालसर. तिनं फडकं ओढून घेतलं.

तो ठसा तिचाच होता.

ती दुष्ट नव्हती. तिचा जीव होता बाळावर. पण बाळ झोपलं की तिला चैन पडायचं नाही. एका पदराचं काम संपून बाबा परत येईपर्यंत चाकाला उसंत असायची, तेवढ्यात ती झोळीत डोकवायची. बाळ निपचित पडलेलं असायचं. छाती हलते का ते झोळीच्या अंधारात दिसायचं नाही. बोट नाकापाशी धरलं तर वारा आपला की बाळाचा ते कळायचं नाही. मग बोटं फडक्याखाली जायची, चिमटा बसायचा, बाळ किंचाळायचं, आणि थोरलीचे खांदे खाली यायचे. रडतंय म्हणजे आहे. त्या एका क्षणासारखं सुख तिला दुसऱ्या कशात मिळत नव्हतं, आणि लगेच पाठोपाठ तिला स्वतःची इतकी शिसारी यायची की तिनं तीच बोटं चाकाच्या लाकडावर घासून घासून सोलवटून घेतली होती.

एक गोष्ट तिला उमगत नव्हती. ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा चिमटा काढायची. बाळ मात्र दहा वेळा दचकून उठायचं. तिला वाटायचं, आपलाच चिमटा त्याच्या अंगात मुरत असणार. एकदा काढला की दिवसभर दुखत असणार.

दोन वर्षांपूर्वी याच छपरीत धाकटा होता. पाच महिन्यांचा, गुटगुटीत, गालावर थापटलं तरी हसायचा. तेव्हा बाबांनी एक युक्ती केली होती. चाकाच्या मुठीपासून झोळीपर्यंत एक बारीक दोरी बांधली होती. चाकाचा एक फेरा झाला की झोळीला एक हिसका. दोरही वळला जायचा, पोरही झोके घ्यायचं, कुणाचा हात अडकायचा नाही. बाबांना त्या दोरीचा फार अभिमान होता. पाहायला माणसं यायची. "एका दगडात दोन पक्षी," बाबा म्हणायचे.

एका दुपारी धाकटा खूप वेळ रडला आणि मग थांबला. थोरलीचा खांदा भरून आला होता, ऊन डोक्यात गेलं होतं. धाकटा थांबला तेव्हा तिला हायसं वाटलं. बरं झालं, गप्प बसला एकदाचा, असं ती मनात म्हणाली. चाक फिरत राहिलं. झोळी हलत राहिली. उन्हं कलेपर्यंत झोळी नुसती हलत होती, आणि हलणाऱ्या झोळीत कुणी कशाला बघेल? आईचा पान्हा फुटून चोळी भिजली तेव्हा ती हात पुसत त्याला घ्यायला आली.

नर्सबाई म्हणाल्या होत्या, असं होतं कधी कधी, कशानं ते कळत नाही, कुणाचाही दोष नाही. त्यांचं बोलणं सगळ्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि घरातल्या एकाचाही त्यावर विश्वास बसला नाही. बाबांनी ती बारीक दोरी त्याच संध्याकाळी कापली. नंतर धाकट्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. पण तेव्हापासून त्या घरात शांतता पसरली की सगळ्यांचे कान टवकारायचे. भांडं पडलं, दार आपटलं, तर कुणी दचकत नसे. काहीच वाजलं नाही की दचकत.

दुपारी नावाडी आला. नदीवरची त्याची नाव या काठापासून त्या काठापर्यंत बांधलेल्या दोराला धरून ओढत न्यावी लागे, आणि जुन्या दोराचे तीनपैकी दोन पदर झिजून गेले होते. नदीला पाणी चढायच्या आत त्याला नवा दोर हवा होता. दोन्ही हात पसरून मोजतात तसा एकशेवीस वाव लांब, एकसंध, बिनगाठीचा. तोंडानं फाटका माणूस, पण दोर त्याला बोटांनी वाचता यायचा. तयार झालेल्या पदरावरून त्यानं चिमूट फिरवत नेली आणि एका जागी थांबला.

"हे काय रे? गरोदर आहे का तुझा दोर?"

बाबा कसनुसं हसले. "काढून टाकतो ती."

"काढ. आत्ताच काढ, माझ्यासमोर. माझ्या नावेत माणसं बसतात, भोपळे नाही बसत."

बाबांनी सुरी आणली. अडीच तासांच्या मेहनतीवर त्यांनी सुरी चालवली तेव्हा त्यांची मान लाल झाली होती. मुलांसमोर झालं म्हणून अधिकच. नावाड्यानं दुसरी गाठ दाखवली, मग तिसरी. तिसरीपर्यंत तोही जरा वरमला.

"एवढ्या गाठी तुझ्या दोराला कधी नसायच्या. तुझ्या बापाच्या दोराला तर मी डोळे झाकून हात घालायचो."

"पोर रडतं," बाबा म्हणाले. "पोर रडलं की चाक थांबतं."

"मग रडू दे. पोरं रडतातच. रडून रडून झोपतात."

आईच्या हातातला वाख फळीवर तसाच अडकून राहिला. आपण काय बोलून बसलो ते नावाड्याला समजलं नाही, पण काहीतरी वर्मी बसलंय एवढं कळलं. त्यानं खांद्यावरचं फडकं झटकलं. "तीन दिवसांनी येतो. नाहीतर मला बाजारात नायलॉनचा बघावा लागेल. तो रडतही नाही नि सुजतही नाही."

तो गेल्यावर बाबा कापलेले तुकडे गोळा करायला लागले. आई म्हणाली, "नायलॉनचा घेतो म्हणाला."

"ऐकलं मी."

"एकदा घेतला की मग सगळेच घेतील."

"ऐकलं म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई आल्या. त्यांनी आपला वजनकाटा चाकाच्या आकड्यालाच अडकवला, त्याला कापडाची पिशवी लावली आणि बाळाला पिशवीत ठेवलं. काटा हलला, थांबला. त्यांनी वहीत बघितलं, पुन्हा काट्याकडे बघितलं.

"गेल्या महिन्यापेक्षा पाव किलो कमी. या वयात वाढायचं सोडून कमी? दूध येतं ना तुला?"

"येतं."

"दाखव."

बाबा पट्टीच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिले. आईनं भिंतीकडे वळून, नर्सबाईंसमोर स्तन दाबून दाखवला. दुधाची चिळकांडी नर्सबाईंच्या मनगटावर उडाली. एवढी कष्टाळू बाई, सासूसमोरही जिनं कधी मान तुकवली नव्हती, ती त्या क्षणी चोर पकडल्यासारखी दिसत होती.

"दुधाला काही तोटा नाही," नर्सबाई म्हणाल्या. "मग पितं का नाही?"

"पितं. पिता पिता डोळे मिटतं, मग दचकतं, मग रडतं."

नर्सबाईंनी बाळाच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. "झोपतं का हे?"

"झोपतं की. म्हणजे... झोपतं आणि उठतं."

नर्सबाईंनी फडकं सोडलं. थोरलीला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. मांडीवर एक ताजा ठसा होता, त्याच्या बाजूला दोन पिवळसर, जुने.

"हे चिमटे आहेत," नर्सबाई शांतपणे म्हणाल्या. "कोण काढतं?"

मग एकेक करत सगळ्यांच्या नजरा मुंगळ्याकडे गेल्या. जाणारच. कोंबडीचं अंडं फुटलं, चाकाचं तेल सांडलं, काहीही झालं तरी आधी त्याच्याकडेच बघायचं, अशी त्या घराची रीतच पडली होती. बाबा दोन ढांगांत त्याच्यापाशी आले.

"तू उठवतोस बाळाला?"

मुंगळ्यानं त्यांच्याकडे बघितलं. "हो," तो म्हणाला.

थप्पड एवढी जोरात बसली की तो वाखाच्या ढिगात जाऊन पडला. रडला नाही. उठून त्यानं कानांत बोटं घातली आणि डोळे मिटून घेतले. थोरली तोंड उघडून उभी होती. सांग, सांग, असं तिच्या छातीत कुणीतरी ओरडत होतं. पण तिनं फक्त चाकाची मूठ घट्ट धरली.

"मारू नका त्याला. काही फायदा नाही," नर्सबाई काटा गुंडाळत म्हणाल्या. "बाळाला आजार नाही. त्याची झोपमोड होतेय, दुसरं काही नाही. झोप नाही म्हणून अंगात ताकद नाही, ताकद नाही म्हणून ओढून पीत नाही. झोपू द्या त्याला. आठ दिवसांनी पुन्हा वजन करू. तेव्हाही कमी भरलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि मग तिथंही काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही."

मुंगळ्याची रवानगी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला झाली. तिथं एक खुंट होता, त्याच्यापाशी बसायचं, छपरीत पाऊल टाकायचं नाही. जेवणाचं ताटही आईनं तिकडेच नेऊन दिलं. थोरलीला तिच्या जागेवरून तो ठिपक्याएवढा दिसायचा. तिनं आपलं ताट न उष्टावता सारून ठेवलं.

त्या दिवशी तिनं शपथ घेतली. बाळाला हात लावायचा नाही. मरून गेलं तरी... इथं ती थांबली आणि तिनं जीभ चावली, रक्त येईपर्यंत.

पुढचा सारा दिवस तिनं शपथ पाळली. उसंत मिळाली तरी चाकापासून हलली नाही. झोळी थांबली की तिच्या कपाळावर घाम यायचा, मुठीवरची बोटं पांढरी पडायची, पण ती हलली नाही.

तरी बाळ रडलं. सकाळी दोनदा, दुपारपर्यंत आणखी तीनदा. असंच, एकदम दचकून, किंचाळून.

मुंगळा तिकडे खुंटापाशी. ती इथं चाकापाशी. मग कोण?

तिच्या मानेवर काटा आला. उन्हाची तिरीप छपरीत पडली होती, वारा पडला होता, आणि झोळी जिथं टांगली होती त्याच्या पलीकडच्या वाशावर, जिथं पूर्वी धाकट्याची झोळी असायची, तिथं दोरानं घासलेली जुनी खाच अजून तशीच होती. तिला वाटलं, तोच येतो. त्याला कुणी उठवलं नाही म्हणून तो आता याला झोपू देत नाही. हा विचार आला आणि तो खरा असणार याबद्दल तिला तिळमात्र शंका उरली नाही. ती चाक फिरवत राहिली आणि नजर झोळीवरून काढेना.

म्हणून तिला दिसलं.

आई विंचरलेला वाख घेऊन उठली. झोळीवरून जाताना थबकली. थोरली बघतेय हे तिच्या ध्यानात नव्हतं. तिनं वाख ओलवायच्या बादलीत बोट बुडवलं, झोळीत वाकली, आणि ओलं गार बोट बाळाच्या पापणीवर टेकवलं. बाळ ताडकन दचकलं, किंचाळलं. आणि आईच्या तोंडावर जे उमटलं ते थोरलीनं आरशात कधी बघितलं नव्हतं, पण आतून तिला ते पाठ होतं. खांदे खाली आले. ओठ सुटले. डोळे मिटले. रडतंय म्हणजे आहे.

मग आई लगबगीनं म्हणाली, "अगं बाई, उठलं वाटतं!" आणि बाळाला उचलून थोपटायला लागली.

थोरलीनं चाक थांबवलं नाही. या वेळी बाळ रडत असताना तिच्या हातातली मूठ सुटली नाही. पदर पुरा झाला, बाबा टोक बांधून परत आले, पाणी प्यायले. बाळ आता झोळीत परत निजलं होतं. बाबा तांब्या ठेवायला वाकले आणि वाकल्या वाकल्या त्यांचा उजवा हात झोळीखालून गेला. टक्. बाळाच्या तळपायावर टिचकी. बाळ रडलं. बाबांनी एक लांब श्वास सोडला, तोंड पुसलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आता काय झालं याला? बघ गं थोरले!"

थोरली खाली बसली. चाकाला पाठ टेकून, मातीतच. तिला हसू येत होतं.

"चिमटे मी काढले," ती म्हणाली.

"काय?"

"मुंगळ्यानं नाही. मी काढले. झोपलं की मला वाटतं... मला वाटतं धाकट्यासारखं झालं. म्हणून."

दोन वर्षांत ते नाव पहिल्यांदाच छपरीत उच्चारलं गेलं होतं. बाबांचा हात वर गेला आणि तसाच राहिला. कारण थोरली त्या हाताकडे बघत नव्हती, त्याच्या मधल्या बोटाकडे बघत होती.

"आणि आई पाण्याचं बोट लावते," ती म्हणाली. "आणि तुम्ही टिचकी मारता."

आई बाळाला छातीशी घेऊन उभी होती. ती आधी बाबांकडे बघायला लागली, बाबा तिच्याकडे. जन्मभर एका ताटात जेवलेली दोन माणसं एकमेकांना नव्यानं बघतात तशी ती बघत होती.

"तुम्ही पण?" आई म्हणाली.

बाबांनी हात खाली घेतला. "एखाद्या वेळी."

"किती वेळा?"

"जाता येता."

"जाता येता! दिवसात चाळीसदा जाता येता तुम्ही!"

मुंगळा एवढ्यात खुंट सोडून पळत आला होता. छपरीच्या कडेला, पाऊल आत न टाकता उभा होता. थोरली त्याच्यावरच ओरडली, "तू का हो म्हणालास रे? तू काढले होतेस का चिमटे?"

"बाबांनी विचारलं, उठवतोस का. चिमट्याचं कुठं विचारलं?" मुंगळा म्हणाला. "मी कानात फुंकतो."

"का?"

त्यानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "त्या वेळी धाकटा रडत होता ना, तेव्हा मी त्याच्या झोळीत तोंड घालून ओरडलो होतो, गप! तर तो गप्प झाला तो झालाच. म्हणून हे गप्प पडलं की मी फुंकून बघतो. आणि हे रडायला लागलं की मी कानात बोटं घालतो. म्हणजे माझ्या तोंडातून चुकून गप निघालं तरी मला ऐकू येणार नाही."

काही तरी अजब घडलं. आईला हसू फुटलं. चौघं! चौघंजण एका एवढ्याशा जिवाला पाळीपाळीनं उठवत होती, प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच, आणि मग सगळी मिळून विचारत होती, याला झालंय तरी काय? हसता हसता तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि ते हसू कधी रडण्यात गेलं ते कुणालाच कळलं नाही. मग ती झोळीच्या खाली जमिनीवर बसली.

"चाक बंद," ती म्हणाली.

"नावाडी उद्या यायचाय. अजून चाळीस वाव—"

"चाक बंद म्हटलं ना मी! जीव वाचला तर दोर. सगळे इथं बसा. आज हे उठेपर्यंत झोपेल. कुणी हात लावायचा नाही. कुणी उठून जायचंही नाही, जाता येता तर मुळीच नाही."

बाळ पोटभर नाही, पण बरंच प्यालं. आईनं त्याला झोळीत न घालता वाखाच्या मऊ ढिगावर, उजेडात ठेवलं. ते लगेच झोपलं. चौघं भोवती बसली. मुंगळ्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले होते.

शांतता पसरली. जिला ती सगळी दोन वर्षं पळवून लावत होती तीच. बाळाचं तोंड अर्धवट उघडं होतं, पापण्यांवर निळसर शिरा. थोरली त्याच्या पोटाकडे टक लावून बघत होती. पोट वर, पोट खाली. मग माशी दिसली म्हणून तिची नजर हलली, आणि परत बघते तर पोट वर होतंय की नाही तेच कळेना. बोटं सुटली, पुढं गेली.

आईनं तिचं मनगट धरलं. जोरात नाही. धरून ठेवलं.

"थांब," ती कुजबुजली. "मलाही तसंच होतंय. थांब."

वर. खाली.

आईनं मनगट सोडलं नाही. बाळावरची नजर न काढता ती हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी तू चाक थांबवलं होतंस."

"कधी?"

"धाकट्याच्या दिवशी. तो रडायचा थांबला तेव्हा तू चाक थांबवलंस आणि मला हाक मारलीस. म्हणालीस, आई, हा एकदम गप्प झाला, बघू का? मी वाख विंचरत होते. मी वर बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, झोपला असेल, कशाला उठवतेस, फिरव."

थोरलीनं आठवून बघितलं. ऊन होतं, भरलेला खांदा होता, ते हायसं वाटणं होतं. हाक नव्हती.

"मला नाही आठवत."

"मला आठवतं," आई म्हणाली. "फिरव म्हटलेलं रोज आठवतं. तुझा काही संबंध नाही पोरी. तू विचारलं होतंस."

बाबा हे ऐकत होते. वाशावरच्या त्या खाचेकडे त्यांनी एकदा बघितलं. तो माणूस पुढं मरेपर्यंत त्या बारीक दोरीविषयी एक अक्षर बोलला नाही. त्यांनी फक्त हात लांब करून मुंगळ्याला जवळ ओढलं आणि कालच्या थपडेच्या गालावर आपला खरबरीत तळवा ठेवला. मुंगळा अंग चोरून बसला, मग सैल झाला, मग त्यांच्या मांडीवर कलंडला.

ऊन छपरीतून सरकत भिंतीपर्यंत गेलं. पाय बधिर झाले. बाबांच्या कमरेभोवती वाखाचा भारा तसाच होता, तो सोडायचंही त्यांना सुचलं नव्हतं. आणि एवढ्यात पट्टीवरून हाळी आली.

"काय रे दोरवाल्या! दोर वळतोस की—"

चौघांची तोंडं एकदम वळली आणि चौघांनी एकदमच "श्श!" केलं. नावाडी एक दिवस आधीच टपकला होता. तो जागच्या जागी थबकला. आकड्याला लोंबणारा अर्धा पदर त्यानं बघितला, थांबलेलं चाक बघितलं, जमिनीवर घोळका करून बसलेलं ते कुटुंब बघितलं. हा मेलेल्या पोराभोवतीचा घोळका की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर सरसर येऊन गेलं.

"काय झालं?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"बाळ झोपलंय," मुंगळा म्हणाला.

नावाड्याला हे कळायला वेळ लागला. दोराची काही विचारपूस तो करणार होता, पण समोरच्या बाईचे डोळे बघून त्यानं ती गिळली. वहाणा काढून हातात घेतल्या, दोन पावलं आला आणि छपरीच्या खांबाला टेकून तोही बसला. थोड्या वेळानं तोही बाळाच्या पोटाकडे बघायला लागला. वर, खाली.

किती वेळ गेला ते कुणाला सांगता आलं नसतं. थोरलीला एकदाच डुलकी लागली आणि ती घाबरून जागी झाली, तेव्हा तिच्या वाटणीचं बाकीचे तिघे बघतच होते. हे तिला फार नवं वाटलं. आपण डोळे मिटले तरी चालतं, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग बाळानं एक पाय झाडला. मूठ तोंडाकडे नेली, ती सापडली नाही, कपाळावर आठी पडली. कुणी हललं नाही. ओठ थरथरले, तोंड रुंदावलं, आणि बाळानं भोकाड पसरलं. दचकलेलं, तुटक किंचाळणं नव्हतं ते. आधी कुरकूर, मग सूर लावून, मग सगळी छाती भरून, हक्कानं. असलं रडणं त्या छपरीत कुणी ऐकलं नव्हतं.

थोरलीनं दोन्ही हात वर केले, बोटं पसरून, सगळ्यांना दिसतील असे.

"आई, मी नाही हं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. "मी हात नाही लावला."

"कुणीच नाही लावला गं," आई म्हणाली. तिनं चोळीची गाठ सोडली आणि बाळाला उचललं. "त्याला भूक लागलीय."